ग्राफिक डिझाइन शिकणारी मुले आणि आपण व्यापारी

बारावीचा निकाल लागल्यावर घरातील मुलाने किंवा मुलीने सांगितले की, 'मला ग्राफिक डिझाइन शिकायचे आहे', तर आपण काय उत्तर देऊ? आमच्या घरी हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी आला. आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी तो घेऊन आमच्याकडे आली होती. तिच्या अब्बांनी शेवटचा शब्द मामूंवर सोपवला होता. आम्ही म्हणालो, 'बेटा, चित्रे काढून कुणाचे पोट भरले आहे? बी.कॉम. कर, नाही तर दुकानात बस.'

हे उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे कळायला आम्हाला चार वर्षे लागली आणि त्यातला एक धडा तर आम्हाला मान खाली घालून शिकावा लागला. व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांच्या घरी आज हाच प्रश्न आहे. म्हणून जे पाहिले व समजले ते येथे मांडत आहोत.

आमचे कापडाचे दुकान मुळशी तालुक्यात पौडला आहे. शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी शिकलो ती गिऱ्हाइकांकडून, बिलांवरून आणि वर्तमानपत्रांतून. त्यामुळे भाषेत काही उणे राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हे शिक्षण म्हणजे काय?

ग्राफिक डिझाइन म्हणजे कॉम्प्युटरवर चित्रे जोडणे, असा आपला समज आहे. तो खरा नाही. अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी करायची की पाहणाऱ्याला सांगायची गोष्ट चटकन कळावी, हे त्याचे काम. दुकानाची पाटी, बिलबुक, लग्नपत्रिका, औषधाची खोकी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, बसथांब्यावरची सूचना, मोबाइलवरचे पैसे देण्याचे पान, हे सारे त्यात येते.

आपल्या धंद्याला ही गोष्ट नवी नाही. विलायती गिरण्यांच्या काळात कापडाच्या ताग्यावर रंगीत चित्राचे लेबल चिकटवलेले असे. ज्याला वाचता येत नव्हते, तो गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखी. 'मोरछाप द्या', 'हत्तीछाप द्या' म्हणे. ते चित्र कुणीतरी विचार करूनच काढलेले होते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय 1857 साली सुरू झाले. ते ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, ते सर जमशेटजी जीजीभॉय हे चीनशी व्यापार करणारे व्यापारी होते. तेथे 1935 साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. पुढे 1961 साली त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. त्याच वर्षी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली आणि 1969 साली मुंबईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग सुरू झाला.

या शिक्षणाने काय घडते, याचा एक पुरावा आपण रोज बिलावर लिहितो. रुपयाचे ₹ हे चिन्ह सरकारने स्पर्धा घेऊन निवडले. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या, त्यांतून पाच निवडल्या गेल्या आणि 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने त्यांतील एकीला मान्यता दिली. ती डी. उदय कुमार यांची होती. ते त्या वेळी आयडीसीत संशोधन करणारे विद्यार्थी होते. आधी वास्तुकला, मग डिझाइन आणि त्यानंतर तमिळ अक्षरांच्या घडणीचा अभ्यास, असा त्यांचा प्रवास होता. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांना एकत्र आणून वर शिरोरेघ दिली, इतकीच ती गोष्ट दिसते. पण ते चिन्ह भाजीवालाही एका झटक्यात खडूने काढू शकतो. हा सोपेपणा साधायला किती वर्षे अक्षर पाहावे लागत असेल, याचा विचार करावा.

पहिले वर्ष : रेघा आणि फक्त रेघा

अखेर बहिणीने आमचे ऐकले नाही आणि मुलीला पुण्याच्या एका कला महाविद्यालयात घातले. चार वर्षांचा अभ्यासक्रम. सकाळी पौडहून बस, कोथरूडला उतरून दुसरी बस आणि रात्री परत.

पहिल्या वर्षी तिला कॉम्प्युटरला हातही लावू दिला नाही. ठिपके, रेघा, चौकोन, वर्तुळे. एकाच अक्षराची पन्नास रूपे. काळ्या रंगापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या पायऱ्या. बोटांना शाई लागलेली, डोळे तांबारलेले. बहीण म्हणायची, 'भाईजान, एवढी फी भरली ती रेघा मारण्यासाठी?'

आम्हालाही तसेच वाटे. पण एके दिवशी आमच्या दुकानातील शिलाईच्या मास्टरांनी आमचे डोळे उघडले. ते म्हणाले, 'शेठ, आम्ही उस्तादाकडे गेलो तेव्हा सहा महिने काज-बटण आणि तुरपाई केली. कात्रीला हात लावू दिला नव्हता. ज्याने पहिल्या दिवशी कात्री धरली, त्याने कापड वाया घालवले.' आम्हाला लगेच पटले. यंत्रमागावरच्या पोराला आधी कांडी भरायला बसवतात, सोनाराच्या पोराला आधी घासायला बसवतात. हात आणि नजर बसल्याशिवाय हुन्नर येत नाही. जी रीत आपल्या कारखान्यात आहे, तीच कॉलेजात 'पायाभूत वर्ष' या नावाने आहे. नाव बदलले, उस्ताद-शागीर्दांचे नाते तेच राहिले.

सर्वांसमोर काम फाडले जाते तेव्हा

या शिक्षणात एक प्रकार आहे, त्याला मुले 'ज्युरी' म्हणतात. विद्यार्थ्याने आपले काम भिंतीवर लावायचे, समोर उभे राहायचे, आणि शिक्षक व बाहेरून आलेले जाणकार त्यातील दोष काढणार. ते सर्वांसमोर असते. पहिल्या ज्युरीनंतर मुलगी रडत घरी आली. तीन रात्री जागून केलेल्या पोस्टरबद्दल तिला विचारले होते, 'हे सुंदर आहे, पण ते कुणासाठी आहे?' आणि तिला उत्तर देता आले नव्हते.

येथे मात्र आम्हाला काही सांगता आले. आम्ही तिला दुकानात बसवले. तो लग्नसराईचा दिवस होता. एका कुटुंबाने चाळीस साड्या उघडायला लावल्या आणि 'पुण्याला बघून येतो' म्हणून उठून गेले. आमच्या नोकराने घड्या घातल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हसतमुखाने 'या' म्हटले. आम्ही तिला म्हणालो, 'साडी नापसंत झाली, आपण नाही. पण ती का नापसंत झाली, हे ज्याला विचारता आले, तो पुढच्या वेळी विकतो.'

दुसऱ्या वर्षापासून तिच्यात फरक दिसू लागला. कामावर टीका झाली की ती वहीत लिहून घेई. त्यातली कोणती घ्यायची व कोणती सोडायची, हे दोन दिवसांनी ठरवी. जी मुलगी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसे, ती दहा माणसांसमोर आपल्या कामाची बाजू मांडू लागली. आई-वडिलांना हा बदल गुणपत्रिकेत दिसत नाही. आमच्या मते फीचे अर्धे पैसे येथेच वसूल होतात.

रंगाचा हिशोब

एका बाबतीत ती आमच्याकडून आणि आम्ही तिच्याकडून शिकलो. ती बाब म्हणजे रंग. कापडवाल्याला ठाऊक असते की लॉट बदलला की शेड बदलते. म्हणून आपण शेडकार्डाचा नंबर सांगून माल मागवतो. छपाईतही तसेच आहे. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांतून रंग दाखवतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांतून रंग उभा करतो. पडद्यावरचे काही झगझगीत रंग या चार शायांत निघतच नाहीत. म्हणून नेमका रंग हवा असेल तर ठरावीक नंबराची स्वतंत्र शाई सांगावी लागते. त्यासाठी पँटोन या कंपनीचे शेडकार्ड जगभर वापरले जाते.

हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही एकदा नुकसान सोसले होते. पिशव्यांसाठी मोबाइलवर पोपटी रंग पसंत केला आणि छापून आला तो शेवाळी. छापणाऱ्याशी भांडलो. चूक आमची होती, हे मुलीने समजावल्यावर कळले. छापण्याआधी कागदावरचा नमुना पाहून त्यावर सही केली असती, तर भांडण झालेच नसते.

दुसरी गोष्ट फाइलीची. मोबाइलवर आलेले बोधचिन्ह म्हणजे ठिपक्यांचे चित्र. ते पाटीएवढे मोठे केले की कडा फाटतात. मूळ रेखांकनाची फाइल, जिला मुले 'व्हेक्टर' म्हणतात, ती कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते. व्यापाऱ्याने काम घेताना ही मूळ फाइल मागून घ्यावी. चित्रावर पैसे खर्च करून फाइल न घेणे म्हणजे सूट शिवून माप फेकून देण्यासारखे आहे.

आमची पाटी

ती तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही तिला सांगितले, 'दुकानाची पाटी जुनी झाली आहे, नवी करून दे.' आम्हाला वाटले, संध्याकाळी चित्र येईल. ती आली ती वही घेऊन. तिने आम्हालाच प्रश्न विचारले. दुकानात कोण येते? बायका जास्त की पुरुष? पायी येतात की गाडीने? पाटी किती अंतरावरून दिसते? रात्री दिवा असतो का? लोक दुकानाला आपसांत काय म्हणतात?

शेवटच्या प्रश्नाला आम्ही अडखळलो. पाटीवर आमच्या मरहूम वालिदांच्या नावाची 'अँड सन्स' अशी लांबलचक फर्म होती, पण गावोगावच्या बायका दुकानाला आमच्या आडनावाचे दुकान म्हणतात. पाटीवर मजकूर किती होता, तर तीन लिप्यांत नाव, साड्या, ड्रेस मटेरियल, सुटिंग-शर्टिंग, होजिअरी, टॉवेल-चादरी, दोन फोन नंबर आणि 'एकदा अवश्य भेट द्या'. ती एसटीत बसून दुकानासमोरून दोनदा गेली आणि म्हणाली, 'मामू, चालत्या गाडीतून तीन शब्दांपेक्षा जास्त वाचता येत नाही. तुम्ही पंचवीस लिहिले आहेत.'

तिने मोठ्या देवनागरीत आडनाव ठेवले, त्याखाली 'कापड दुकान' आणि कोपऱ्यात उर्दूत नाव. उर्दूतील अक्षर तिने आमच्याकडून काढून घेतले, कारण आमच्या लहानपणी मदरशातील तख्तीवर बोरूने गिरवलेले वळण आमच्या हातात अजून आहे. त्या दिवशी आम्हाला जो आनंद झाला, तो शब्दांत सांगता येत नाही.

तिने कायद्याचीही आठवण करून दिली. महाराष्ट्रात 2022 साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार लहान-मोठ्या सर्व दुकानांच्या पाटीवर मराठी देवनागरी मजकूर सुरुवातीला असावा लागतो आणि त्याची अक्षरे दुसऱ्या लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. दुसऱ्या भाषेला मनाई नाही. अनेक दुकानदारांना ही गोष्ट अर्धवट ठाऊक असते. त्यांनी आपली पाटी एकदा तपासून घ्यावी.

फुकटचे काम

आता तो धडा सांगतो, ज्याची आम्हाला लाज वाटते.

पाटी झाली, पिशव्या झाल्या, बिलबुक झाले. आम्ही मुलीला मिठाईचा डबा दिला. पैसे दिले नाहीत. 'घरचेच काम आहे' असे आम्ही म्हणालो आणि तीही काही बोलली नाही. उलट आम्ही आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला सांगितले, 'आमची भाची छान काम करते, तिच्याकडून करून घ्या.'

त्या गृहस्थांनी तिच्याकडून बोधचिन्ह, लेबले व खोक्यांची चित्रे करून घेतली. चौदा वेळा बदल सांगितले. रात्री अकराला फोन करून 'रंग जरा उठावदार करा' म्हणत. दीड महिना गेला. परीक्षेचे काम मागे पडले. शेवटी सर्व फाइली घेतल्या आणि पैशांचा विषय निघताच म्हणाले, 'तू तर अजून शिकतेच आहेस. तुझा सराव झाला.' काही आठवड्यांनी तिची लेबले बाजारात मालावर लागलेली दिसली.

मुलगी खचली. पैसे बुडाल्याचे दुःख होतेच. पण 'मी जे करते त्याला किंमतच नाही, तर कॉलेज सोडून देते' असे तिने आईला सांगितले. तिच्या वर्गातील आणखी दोघींचे अनुभव असेच होते, हेही तेव्हा समजले.

आम्ही रागाने त्या व्यापाऱ्याकडे गेलो. बरेच ऐकवले. त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि विचारले, 'शेठ, तुमच्या पाटीचे तुम्ही तिला किती दिले?'

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चहा न घेता उठलो.

रस्ताभर एकच विचार मनात होता. आमच्याच दुकानातील मास्टर आमच्या मुलाचा शर्ट शिवतात, तेव्हा आम्ही शिलाई देतो. घरचे काम म्हणून त्यांची मजुरी कापत नाही. ज्याच्या हाताला सुई आहे त्याचा घाम आम्हाला दिसतो. ज्याच्या हाताला पेन्सिल आहे त्याचा का दिसत नाही? मजुराची मजुरी वेळेवर द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग विचार करणे ही मजुरी नव्हे काय?

घरी येऊन आम्ही तिची वही मागितली. तिने प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवले होते. आमच्या कामाला 46 तास लागले होते. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ सहा दिवस. आम्ही तिला म्हणालो, 'बिल कर.' ती म्हणाली, 'मामू, राहू द्या.' आम्ही म्हणालो, 'आम्हाला नको असेल, पण तुला बिल करायला शिकायचे आहे. आम्ही तुझे पहिले गिऱ्हाईक आहोत.' तिने बिल केले. हात थरथरत होता, आकडा फार लहान टाकला होता. आम्ही दुप्पट करायला लावला, पैसे दिले आणि पावती घेतली. ती पावती आजही आमच्या गल्ल्यात आहे.

कॉलेज तिने सोडले नाही. त्यानंतर तिने स्वतःसाठी एक कागद तयार केला. काम काय, केव्हा द्यायचे, किती वेळा बदल करून मिळतील, त्यापुढील बदलाचे वेगळे पैसे, निम्मी रक्कम आगाऊ आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर मूळ फाइली, हे सारे त्यात आहे. आमच्या धंद्यात ज्याला सौदा म्हणतात, तेच हे. हुन्नर कॉलेजने शिकवले होते, सौदा आम्ही शिकवायला हवा होता. व्यापाऱ्याच्या घरातील मुलीला तो परक्याकडून ठोकर खाऊन शिकावा लागला, याचा आम्हाला आजही खेद वाटतो.

हक्क कुणाचा?

या निमित्ताने आम्ही कायदाही समजून घेतला. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. सर्वसाधारण नियम असा की चित्र ज्याने तयार केले, त्याचा त्यावर पहिला हक्क. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते. पण बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलेले बोधचिन्ह केवळ पैसे दिले म्हणून आपोआप आपले होते, असे समजून चालू नये. हक्क लेखी आणि सहीनिशी लिहून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून लेखात दोन्ही स्पष्ट लिहावे. यात डिझायनरचे संरक्षण आहे आणि व्यापाऱ्याचेही. फुकटात घेतलेले बोधचिन्ह उद्या तुमचे आहे की नाही, याचा वाद उभा राहू शकतो.

छाप आपली झाल्यावर ती ट्रेडमार्क म्हणून नोंदवावी. कापडासाठी 24 वा वर्ग, तयार कपड्यांसाठी 25 वा आणि दुकानदारीच्या सेवेसाठी 35 वा वर्ग आहे. ऑनलाइन अर्ज केल्यास व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये सरकारी शुल्क आहे. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करता येते.

यंत्र आले की हुन्नर जाते काय?

आता कुणी म्हणेल, मोबाइलवर मिनिटभरात बोधचिन्ह तयार होते, कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की चित्र मिळते, मग चार वर्षे कशाला घालवायची? प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी आम्ही आमच्या लहानपणाकडे वळतो.

आमच्या शाळेच्या काळात उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. नस्तालिक लिपी तिरकी उतरते, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते, म्हणून तिचे खिळे पाडणे अवघड होते. मग 1981 साली नूरी नस्तालिक आले. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने हजारो अक्षरजोड हाताने लिहिले आणि ते मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात उतरवले गेले. पुढे 1994 च्या सुमारास इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि साध्या कॉम्प्युटरवर उर्दू जुळू लागली. बहुतेक कातिबांचे काम गेले, हे सत्य आहे आणि ते कडू आहे. पण यंत्राला अक्षर शिकवले कुणी? एका खुशनवीसानेच.

मराठीतही हेच दिसते. र. कृ. जोशी जाहिरातीच्या क्षेत्रातले चित्रकार आणि अक्षरांचे अभ्यासक. त्यांनी आयडीसीत शिकवले आणि विंडोजवर येणारा मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. आपले असंख्य सरकारी अर्ज त्याच अक्षरांत टाइप होतात.

यावरून आम्ही एवढेच समजलो की ज्याचे हुन्नर फक्त हातात असते, त्याला यंत्र मागे टाकते. ज्याच्या नजरेत आणि विचारात ते असते, त्याच्या हाती यंत्र अवजार होऊन राहते. 'हे कुणासाठी आहे?' हा पहिल्या ज्युरीतला प्रश्न आमच्याकडे एसटीत बसून विचारला गेला. ते यंत्राने केले नसते. म्हणून मुलाने कोणते सॉफ्टवेअर शिकले, एवढ्यावर समाधान मानू नये. सॉफ्टवेअर बदलत राहणार.

शेवटचे वर्ष

शेवटच्या वर्षी तिने मुळशीतल्याच एका गावातील बायकांच्या बचत गटासाठी काम केले. हा भाताचा तालुका. आंबेमोहर आणि इंद्रायणी येथे पिकतो. गट तांदूळ साध्या प्लास्टिक पिशवीत विकत होता. तिने आधी आठ दिवस त्यांच्याबरोबर पाखडायला, निवडायला बसून काढले. मग लेबल केले. चित्रापेक्षा जास्त वेळ तिचा मजकुरात गेला. पॅकबंद मालावर काय लिहायचे याचे 2011 चे नियम आहेत: मालाचे नाव, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याचा महिना व वर्ष, पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. शिवाय खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक. हे सारे लहान पिशवीवर बसवून ती पिशवी देखणी राहिली पाहिजे. गटाकडून तिने कमी पैसे घेतले, पण घेतले. आणि गटाच्या बायकांनीही ते आनंदाने दिले, कारण किंमत आधी ठरली होती.

आज ती काम करते आहे. या तालुक्यातच कामाला तोटा नाही. पिरंगुटचे कारखाने, ताम्हिणीच्या रस्त्यावरची हॉटेले, हिंजवडीच्या कंपन्या, लवळ्याच्या टेकडीवरची विद्यापीठे, सर्वांनाच पाट्या, पुस्तिका, खोकी लागतात. मिळकत दरमहा सारखी नसते, हेही सांगितले पाहिजे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे ओढाताणीची असतात.

पालकांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी

ज्यांच्या घरी मूल या शिक्षणाकडे वळते आहे, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात.

एक, शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवावे. खर्च थोडा असतो आणि कल कळतो.

दोन, प्रवेशपरीक्षांची माहिती वेळेवर घ्यावी. राज्यातील कला महाविद्यालयांची सामाईक परीक्षा वेगळी, आयआयटीच्या डिझाइन अभ्यासक्रमासाठी यूसीड वेगळी आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी.

तीन, खासगी संस्थांची फी लाखांत जाते. पैसे भरण्याआधी तेथील शेवटच्या वर्षाच्या मुलांचे काम डोळ्यांनी पाहावे. आपण तागा उलगडल्याशिवाय माल उचलतो काय?

चार, मुलाला सुट्टीत दुकानात बसवावे. गिऱ्हाईक, भाव, उधारी आणि नकार या चार गोष्टी कॉलेज पुरेशा शिकवत नाही.

आणि ज्यांना या मुलांकडून काम करून घ्यायचे आहे, त्यांना हात जोडून एकच सांगणे आहे. पहिल्या कामाचे पैसे द्या. थोडे द्या, पण आधी ठरवून द्या आणि वेळेवर द्या. शिकणाऱ्या मुलाचा हात पहिल्या मोबदल्याने बळकट होतो आणि पहिल्या फसवणुकीने गळून पडतो. आमच्या भाचीचा हात गळता गळता राहिला. तिच्या वर्गातील एका मुलीने मात्र हे काम कायमचे सोडले.

आमच्या पाटीखालून जाताना आजही लोक वर पाहतात आणि नाव वाचतात. ज्या मुलीला आम्ही चित्रे काढून पोट भरत नाही असे सांगितले होते, तिच्याच अक्षरांखाली बसून आम्ही रोज पोट भरतो आहोत.